मोठीआईच्या नावानं

ज्या मुलींच्या डोक्यात माझ्यासारखी छोटी गाठ निघाली आहे आणि ज्यांना आठवड्यातून दोनदा एक लहानशी पांढरी गोळी घ्यायला सांगितली आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. गोळी चांगली आहे. घ्या. पण तिच्याबद्दल मला आधी कोणी न सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी.

माझ्या आजारपणात मी अशी पुष्कळ अनुभवकथनं वाचली. त्यांच्या शेवटी लिहिणारी सगळ्यांना क्षमा करते. मी केलेली नाही. ज्यांना क्षमा वाचायची असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

डाग

आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यात. बाबांची थोडी सोयाबीन-तूर आणि संत्र्याची बाग आहे. मी मात्र लहानपणापासून व्हॅनने मंगरूळपीरच्या इंग्रजी शाळेत गेले आणि आता तशाच एका शाळेत छोट्यांना शिकवते. गावात मी बोलायला तोंड उघडलं की पुस्तकातल्यासारखी मराठी निघते आणि बायका हसतात. म्हणून मी बोलत नाही, बघत बसते.

मोठीआई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा तिने अंगणात सगळ्यांसमोर आईला ऐकवलं होतं, "पोट्टीले इंग्रजी शिकवून राह्यले, उद्या तिनं तोंड काळं केलं तं इंग्रजीतच रडसान." सगळे हसले होते. आईसुद्धा हसली होती. मोठीआईच्या बोलण्यावर हसायचं, अशी आमच्या घरात सवय आहे.

माझी पाळी थांबली तेव्हा मी ते शाळेच्या कामावर ढकललं. डोकं दुखायचं, ते उन्हावर ढकललं. मग एका सकाळी कुर्ता छातीशी ओला झालेला दिसला. मी दार लावून पाहिलं. दूध होतं. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि ज्यामुळे असं होतं असं मला ठाऊक होतं, तसलं काही माझ्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. मी रुमालाच्या घड्या करून आत ठेवायला लागले. आईला सांगितलं नाही. सांगायला शब्द कुठल्या भाषेतले घ्यायचे तेच कळेना.

नवरात्रात देवीच्या मंडपात आरतीचं ताट फिरवताना माझी ओढणी घसरली. मोठीआई समोर होती. चार बाळंतपणं केलेली बाई. तिने डाग पाहिला, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. ताटातल्या ज्योतीवरून हात फिरवून तिने तो डोळ्यांना लावला आणि पुढे गेली. मला एक शब्द विचारला नाही.

हिरवी साडी

आमच्या गावात देवीला नऊ दिवस नऊ साड्या नेसवतात आणि विसर्जनाच्या सकाळी मंडपात त्यांची बोली लागते. देवीची साडी घरात येणं भाग्याचं, म्हणून बायका हिरिरीने बोलतात. पैसा महाप्रसादाला जातो. बोली सुटली की मंडळाचे बंडूभाऊ माइकवर विचारतात, "कोनाच्या नावानं?" मग बोली जिंकणारी सांगते. सुनेच्या नावानं, तिची कूस उजवू दे. पोराच्या नावानं, त्याला नोकरी लागू दे. ज्याचं नाव घेतलं त्याने उठून पुढे यायचं आणि साडी ओटीत घ्यायची. देवीची ओटी नाकारायची नसते. आजवर कोणी नाकारलेली नाही.

त्या वर्षी हिरवी साडी मोठीआईने घेतली.

"बोला वैनी, कोनाच्या नावानं?"

तिने माइक हातात घेतला. "आमच्या पुतनीच्या नावानं. देवी तिले सद्‌बुद्धी देवो, अन् आमच्या घराची अब्रू झाको."

मग माझ्यामागे कुजबुज सुरू झाली.

"काहून व? काय झालं?"

"अव, हिरवी घेतली ना. समज आता."

"कोनती पुतनी? ते मास्तरीन?"

"तेच. बोलत नाई ना कोनासंग, तेच."

मी उठले. मंडपातून देवीपर्यंत जाताना बायका पाय आखडून वाट देत होत्या, आणि मी ओढणी मुठीत धरून छातीशी दाबलेली होती. मोठीआईने साडी, खण, नारळ माझ्या पदरात घातले. पदर कसला, ओढणीचंच टोक. ओटी घ्यायला दोन्ही हात लागतात. मला मूठ सोडावी लागली. वाकून ती माझ्या कानाशी म्हणाली, "डोहाळजेवनाले नेसजो."

पहिल्या रांगेतल्या बायकांनी डाग पाहिला. त्यांचे चेहरे मला आजही एकेक आठवतात.

कारंजा

आईने घरी येऊन मला मारलं नाही. ती फक्त म्हणाली, "खरं सांग व माय." मी सांगितलं. तिला पटलं की नाही, मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने कारंज्याला गेलो. मंगरूळपीर जवळ, पण तिथल्या प्रत्येक मेडिकलवाल्याची मुलं माझ्या शाळेत. कारंज्यात आईने दुकानात जाऊन दिवस गेल्याचं तपासायची पट्टी मागितली, ती स्वतःसाठीच मागते आहे अशा आवाजात. बसस्टँडच्या संडासात मी ती वापरली. एकच रेघ उमटली. आई बाहेर उभी होती. मी पट्टी दाखवली तर ती भिंतीला टेकली आणि रडायला लागली.

तिथल्याच एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, तपासलं आणि आईकडे वळून म्हणाल्या, "ताई, ही मुलगी तुमच्यापासून काहीच लपवत नाहीये. हे मेंदूतल्या एका ग्रंथीमुळे होतं. रक्त तपासू, मग पुढचं बघू." त्या वाक्यासाठी मी त्या बाईंची आयुष्यभर ऋणी आहे. आजाराचं नाव त्यांनी नंतर घेतलं. आधी माझी बाजू घेतली.

बाबा या सगळ्या काळात माझ्याशी बोलत नव्हते. जेवताना ताट माझ्याकडे सरकवायचे आणि भिंतीकडे बघत खायचे. कारंज्याचंच एक स्थळ आमच्याकडे येऊन गेलं होतं. त्यांचा निरोप आला, सध्या थांबतो. बाबांनी फोन ठेवला आणि बागेत निघून गेले.

अकोला

एमआरआयच्या त्या नळीत मला वाटलं, कोणीतरी माझ्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर ठोकतं आहे. हलायचं नाही असं सांगितलं होतं. न हलणं मला चांगलं जमतं.

अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवर तुरीच्या डाळीएवढी गाठ होती. कॅन्सर नाही. बहुतेक ऑपरेशनही लागणार नाही. गोळीनेच आकसेल. "असल्या गाठीमुळे शरीराला वाटतं बाळ झालंय," ते म्हणाले, "म्हणून दूध." इतकं सोपं होतं ते. एका वाक्याचं. ते वाक्य माइकवरून कोणी सांगणार नव्हतं.

बाहेर बाकावर बाबांनी पिशवीतून संत्रं काढलं. सोललं. मग एकेका फोडीच्या पांढऱ्या शिरा काढून, लहानपणी काढायचे तशा, फोड माझ्या हातावर ठेवत राहिले. शेवटची फोड ठेवताना म्हणाले, "मी तुले विचारायला पाह्यजे होतं." मी फोड खाल्ली. बाबांना मी क्षमा केली, हे इथे नोंदवते, म्हणजे मला ती करता येत नाही असा समज व्हायला नको.

घरी आल्यावर आईने रिपोर्ट मोठीआईला दाखवायला नेला. तिने तो हातातसुद्धा घेतला नाही. "गाठ हाय म्हनते का? असंल बाप्पा." गावात तेच फिरलं. गाठ होती म्हणे. त्या 'म्हणे'वर मी जगत होते. मला एवढंच हवं होतं, की जिथे माझं नाव घेतलं गेलं तिथेच, त्याच बायकांसमोर, त्याचा हिशोब व्हावा.

गोळी

पहिले काही आठवडे मळमळ, चक्कर. गोळी रात्री जेवणावर घ्या, म्हणजे त्रास कमी होतो. मग दूध थांबलं, पाळी आली, डोकं हलकं झालं. मी वर्गात गाणी म्हणायला लागले. आई म्हणायची, देवाची कृपा.

मग हळूहळू काही वेगळं सुरू झालं. फोनवर एक खरेदीचं ॲप होतं, त्यात रोज एक चक्र फिरवायचं, कधी सूट मिळायची, कधी काहीच नाही. मी ते वर्गात पाठ फिरवून फिरवायला लागले. पार्सलं यायची: केसांच्या पिना, बाटल्या, घरात कोणी वापरत नाही असली भांडी. उघडेपर्यंत मी अधीर असायचे, उघडलं की वस्तूकडे बघायचेही नाही. मला वाटलं, मी बरी होते आहे म्हणून आनंदी आहे.

नवरात्र आलं. विसर्जनाच्या सकाळी मी मंडपात जाऊन बसले, मोठीआईच्या दोन रांगा मागे. पहिली साडी निघाली आणि माझा हात वर गेला. मी, जी दुकानात सुट्टे मागायला लाजते. मोठीआईने वाढवलं, मी वाढवलं. "एक वार, दोन वार..." बंडूभाऊंच्या त्या थांबण्यात माझ्या अंगातून जे सरकन गेलं, ते मला आयुष्यात कधी मिळालेलं नव्हतं. "तीन वार!" साडी माझी. "कोनाच्या नावानं, म्याडम?"

मी सूड घ्यायला आले आहे असं घरून निघताना वाटलं होतं. पण मला साडी नको होती, नाव नको होतं, सूडही नको होता. मला फक्त पुढचं 'तीन वार' हवं होतं. बंडूभाऊंनी वाट पाहिली आणि स्वतःच म्हणाले, "देवीच्याच नावानं." पुढची साडी निघाली. हात पुन्हा वर. साड्यांचा ढीग माझ्या मांडीवर वाढत गेला. बायका आधी कौतुकाने बघत होत्या, मग हसायला लागल्या. मोठीआईने तर बोली लावणंच सोडलं. ती मागे वळून, हातावर हनुवटी ठेवून, तमाशा बघत बसली.

"पाप धुवून राह्यली पोट्टी," ती मोठ्याने म्हणाली. "धू व माय, धू. नदी पुरत नाई तं साड्या घे."

बाबांनी येऊन माझा दंड धरला तेव्हा माझा हात वरच होता.

ब्रेक

अकोल्याच्या डॉक्टरांना आईने सगळं सांगितलं. चक्र, पार्सलं, साड्या. मी मान खाली घालून बसले होते, कारण मला वाटत होतं माझ्या स्वभावातली कीड आता उघडी पडते आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे गोळीमुळे असू शकतं," ते म्हणाले. "सगळ्यांना होत नाही. काहींना होतं."

मग त्यांनी समजावलं, ते मला जमेल तसं लिहिते. समजा तुम्ही एसटीची वाट बघताय. ती नेहमी उशिरा येते. एक दिवस तुम्ही पिंपळाच्या बाजूला उभं राहिलात आणि ती लगेच आली. उद्या तुम्ही न ठरवताही पिंपळाशीच उभ्या राहाल. मेंदू सतत असे अंदाज बांधतो. अंदाजापेक्षा बरं झालं की आत एक रसायन सुटतं, डोपामिन. ते म्हणतं, हे पुन्हा कर. ठरल्यासारखं झालं तर ते गप्प असतं. वाईट झालं तर ते कमी पडतं, आणि ते कमी पडणंच सांगतं, पुन्हा नको. असं रोज थोडं थोडं शिकत आपण निर्णय घेतो, आणि आपल्याला वाटतं आपण विचार केला.

"तुमची गोळी त्या रसायनासारखीच वागते," ते म्हणाले. "गाठीसाठी ते चांगलं. पण बाकी मेंदूतही ती असतेच. मग बरं झाल्याचा निरोप पोचतो, वाईट झाल्याचा पोचत नाही. ब्रेक लागत नाही."

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं. डॉक्टरांशी बोललेलं ते माझं सगळ्यात मोठं वाक्य असेल.

"तुम्ही घाबरला असता."

"मी तशीही घाबरलेलीच होते."

त्यांनी डोस कमी केला. गाठ बरीच आकसली होती, त्यामुळे करता आला. तुम्ही मात्र गोळी मनाने बंद करू नका. घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, की मी वेगळी वागले तर मला सांग. माझा फोन आईकडे गेला. ते चक्र हातातून गेल्यावर पहिले काही दिवस मला मुलांच्या वहीवर चिकटवायच्या चांदण्यांच्या पाकिटाचाही मोह व्हायचा. मग तो ओसरला.

उठता उठता मी अजून एक विचारलं. "सर, मला एका बाईचा फार राग आहे. तोही गोळीमुळेच का?"

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "नाही. तो तुमचाच असावा."

कोणाचं काही मी जपून ठेवलं असेल तर ते हे वाक्य.

शिकवण

त्या हिवाळ्यात मी मोठीआईचा अभ्यास केला. भिंत एकच, त्यामुळे सोपं होतं. ती बोलायची, लोक हसायचे. ती टोचायची, समोरची गप्प बसायची. तिला दर वेळी बक्षीस मिळत होतं. तिच्या बोलण्याने कोणाचं काय झालं, याचा निरोप तिच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. मला जे गोळीने झालं होतं, ते तिला बिनगोळीचं आयुष्यभर झालेलं होतं. ब्रेक असेल तिच्यात, पण तो दाबायची वेळ तिच्यावर कोणी आणली नव्हती.

मी शिक्षिका आहे. मी ठरवलं. ठरवताना छातीत काही सरकन गेलं नाही, यावरून मला कळलं की हा निर्णय माझा आहे.

तिसऱ्या नवरात्रात मी विसर्जनाच्या सकाळी मंडपात गेले. आई म्हणाली, "कायले जातं व तिथं? लोक अजून हासून राह्यले." मी म्हटलं, "एकच घेणार आहे." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि स्वतः सोबत आली.

साड्या निघत गेल्या. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. दर 'तीन वार'ला आत किंचित काही हलायचं आणि बसायचं. बायका माझ्याकडे बघत होत्या, हात कधी वर जातो ते. नाही गेला. त्यांचा रस संपला. शेवटी घटाच्या दिवशीची साडी निघाली, सगळ्यात मानाची. मोठीआईला ती सुनेसाठी हवी होती. तिने बोली लावली आणि सवयीने मागे पाहिलं, कोणी बोली चढवणार नाही याची खात्री करायला.

मी चढवली. तिने वाढवलं. मी एकदाच, तिला न परवडेल असं वाढवलं, आणि हात खाली ठेवला.

"तीन वार! बोला म्याडम. यंदा तं सांगा. कोनाच्या नावानं?"

मी उठून माइकपाशी गेले. माझी पुस्तकी मराठी ऐकायला बायकांचे चेहरे आधीच हसरे झाले होते. पण हे वाक्य मी दोन वर्षं पाठ केलेलं होतं, आणि ते माझं नव्हतं.

"आमच्या मोठीआईच्या नावानं," मी म्हटलं. "देवी तिले सद्‌बुद्धी देवो, अन् आमच्या घराची अब्रू झाको."

मग सगळी डोकी एकदम वळली, माझ्याकडे नाही. मागून कोणाचा तरी आवाज आला, "अव माय! तेच शब्द व!" आणि दुसरी हसली. मोठीआईच्या बोलण्यावर हसणाऱ्याच त्या बायका. फक्त हसणं आता तिच्याकडे वळलं होतं.

"मले?" मोठीआई म्हणाली. "मले कायले?"

"या वैनी, पुढे या," बंडूभाऊ म्हणाले. त्यांना रीत माहीत होती. "देवीची ओटी हाय. नाई म्हनता येत नाई."

तिला उठावं लागलं. बायकांनी पाय आखडून वाट दिली. तिने पदर पसरला. दोन्ही हात लागतात. मी साडी, खण, नारळ ठेवले. तिच्या वरच्या ओठावर घाम होता, आणि जवळून ती मला वाटली होती त्यापेक्षा म्हातारी दिसली. मला दया आली असं मी लिहू शकले असते. नाही आली. मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "माझा रिपोर्ट आमच्या कपाटात आहे. वाचायला या."

यंदा

ती वाचायला आली. चार दिवसांनी, दुपारी, चष्मा घेऊन. आईने चहा टाकला. मोठीआईने सगळी पानं उलटली. तिला इंग्रजी येत नाही. मी तिला बोट ठेवून वाचून दाखवलं आणि एकेका वाक्याचं मराठी केलं. शेवटी तिने विचारलं, "मंग दूध त्याच्यानंच व्हतं?" मी हो म्हटलं. ती उठली, चष्मा काढला आणि गेली. पण नंतर नळावर तिनेच बायकांना सांगितलं की पोट्टीच्या डोक्यात गाठ होती, फोटो हाय, मी पाह्यला. 'म्हणे' गेलं. मला जे हवं होतं ते मिळालं.

ती साडी तिने अजून नेसलेली नाही. देवीची म्हणून कोणाला देताही येत नाही. ती तिच्या कपाटात आहे आणि माझी हिरवी माझ्या. भिंत एकच.

वर्गात मी एक पाहिलं आहे. मूल दर चांगल्या अक्षराला चांदणी मिळवत असेल, तर काही दिवसांनी ते चांदणीकडे बघतही नाही. कधी मिळेल, कधी मिळणार नाही, हे ज्याला कळत नाही, ते मूल सारखं माझ्या हाताकडे बघत असतं. शिक्षेचंही तसंच असतं.

गेल्या नवरात्रात मी गेले नाही. आई गेली होती. येऊन म्हणाली, "दर साडीले मांगं वळून पाह्यत होती. कोनाले काई बोलली नाई बिचारी."

आता पुन्हा घट बसायचे आहेत. परवा मोठीआईने भिंतीपलीकडून सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय व, यंदा येतं का बोलीले?"

मी अजून ठरवलेलं नाही. तसंच तिला सांगितलं.